मुक्या गाडीला आग्रह

माझ्या साळ्याएवढा आग्रह करणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दुसरा नाही, आणि असलाच तर त्याला माझ्या साळ्यानेच जेवू घालून बिघडवला असणार. साळा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. राहतो बल्लारपूरला, एकटा. लग्न केलं नाही ते बरंच झालं, बायको आली असती तर पहिल्याच वर्षी पोट धरून माहेरी पळाली असती. विजेचं मीटर पाहायला आलेला माणूस त्याच्या ओसरीवर गोळाभाताच्या ताटापुढे मांडी घालून बसलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. गल्लीतली बाकीची मीटरं त्या दिवशी तशीच राहिली. शेजारचा माणूस दाढ काढून आला, तर त्याला रोडगा कुस्करून, त्यावर वरण ओतून चारला, आणि वरून म्हणतो, "दाढ गेली, पोट तं जाग्यावर हाये ना?" एकदा एटापल्लीच्या लग्नाहून आम्ही एसटीने परत निघालो. गाडी सुटता सुटता हा खाली उतरला आणि ड्रायव्हरला पातोड्यांचा डबा देऊ लागला. मागून लोक ओरडले, "ओ भाऊ, गाडी जाऊ द्या ना!" याला वाटलं लोकांनाही भूक लागली. सगळ्या गाडीला वाटून मग चढला.

माणसांचं एक वेळ ठीक. माणूस शेवटी ताटावर आडवा हात ठेवू शकतो. पण याचा जीव मुक्या वस्तूंवर जास्त. "बोलनाऱ्याले एकदा विचाराव, मुक्याले दोनदा," असं तो म्हणतो. त्यामुळे त्याच्या अंगणात एकही झाड जगत नाही, सगळी पाणी पिऊन पिऊन मरतात. स्कूटरच्या चाकात इतकी हवा भरतो की ती रस्त्यावर सशासारखी उड्या मारत येते. आमची ही हयात होती तेव्हा भावाला रागावून बोलायची, "अरे, त्या मोगऱ्याले श्वास तं घेऊ दे!" तो ऐकायचा, मान डोलवायचा आणि ती आत गेली की अजून एक तांब्या ओतायचा.

गेल्या वर्षी ही गेली. शेवटी शेवटी तिच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. साळा रोज बल्लारपूरहून डबा घेऊन दवाखान्यात यायचा. डॉक्टरने सांगितलं होतं, काही देऊ नका, तरी आणायचा. ती झाकण उघडून वास घ्यायची आणि म्हणायची, "ठेव, उद्या खाते." तो डबा उचलून घरी न्यायचा.

ती गेल्यावर मला वाटलं, आता हा यायचा नाही. आमच्याकडे तशी रीतच आहे. बहीण आहे तोवर भावाची त्या घरात ये-जा, बहीण गेली की नातं लग्नापुरतं, मयतीपुरतं. आमचं दोघांचं तसं कधी जमलंही नाही, मी तोंडाचा फाटका आणि तो असा. पण पहिल्याच रविवारी स्कूटर उड्या मारत दारात आली. मला वाटलं, विचारेल, भाऊजी कसे हाये? नाही. उभ्या उभ्या म्हणतो, "भाऊजी, गाडी कशी हाये?"

गाडी म्हणजे बाहेरगावी राहणाऱ्या पोराने नवी घेतल्यावर आमच्या दारात आणून लावलेली जुनी कार. हिला तिच्यात बसून बाजाराला जायला फार आवडायचं. साळ्याने बॉनेट उघडलं, पिशवीतून इंजिन ऑइलचा डबा काढला आणि थोडं तेल ओतलं. मी म्हणालो, "अरे, तेल मोजाची काडी काढून पाह्य तं, किती हाये ते." तर माझ्यावरच डोळे वटारले. "पाहुन्याच्या पोटात काडी घालून पाह्यतो का आपन, किती जेवला म्हनून?" त्यानंतर प्रत्येक रविवारी हेच. यायचा, बॉनेट उघडायचा, तेल ओतायचा, इंजिनवर थाप मारायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. हिचं नाव तो काढत नसे, मीही काढत नसे.

मग गाडी निळा धूर सोडायला लागली. चढावर दम खाऊ लागली. मी मिस्त्रीकडे नेली. गडी घाईत होता. हवा आत जाते तो रबरी पाइप त्याने काढला, आत बोट फिरवलं, बोट काळं चिकट तेलाने भरलं. हवा गाळायचा कागदी फिल्टर तर तेलात तळलेल्या पापडासारखा झाला होता. "काका, हवेच्या रस्त्यात तेल आलं, म्हनजे पिस्टनच्या रिंगा गेल्या असतीन. उद्या आना, इंजिन खोलून पाहू. पन मी म्हनतो, खोलन्यापेक्षा विकून टाका." मला ते पटलं. मी एकटा म्हातारा, मला कुठे जायचं असतं?

साळ्याला फोन केला तर तो तसाच निघून आला. "भाऊजी, विकू नका."

"काऊन?"

"बाईची गाडी हाये."

बाई म्हणजे त्याची बहीण. "तुझ्या बाईनं कधी चाक धरलं होतं का रे?" मी म्हणालो. तेव्हा त्याचं तोंड पाहून माझ्या डोक्यात उजेड पडला. ही गाडी दारातून गेली की या माणसाला माझ्या दारात यायला कारण उरत नाही. आणि खरं सांगायचं तर रविवारी सकाळी ती स्कूटर वाजली नसती, तर मला तरी कोण होतं?

विकायचं सोडून दुसऱ्या दिवशी इंजिन खोलून पाहायला दोघं मिळून गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेलो. मिस्त्री पाने काढायला आत वळला, तेवढ्यात साळ्याने बॉनेट उघडून पिशवीतला डबा काढला आणि ओतायला लागला. मिस्त्री किंचाळलाच. "ओ भाऊ! काय करून राह्यले?"

"दवाखान्यात आनली ना, उपाशी पोटी कशी ठेवाची?"

"रोज टाकता का असं?"

"रोज नाई. आयतवारच्या आयतवारी."

मिस्त्रीने काडी ओढून पाहिली. तेल खुणेच्या कितीतरी वर. तो आधी रागाने पाहत राहिला, मग पोट धरून हसत खालीच बसला. "काका, रिंगाले काई नाई झालं! गाडीनं उलटी केली. तुमी कोंबून कोंबून भरलं, मंग तिनं श्वासाच्या नळीतून बाहेर काढलं, ते गेलं हवेच्या पाइपात. इंजिन खोलाची गरज नाई."

त्याने घमेलं लावून जास्तीचं तेल काढलं, पाइप पुसला, नवा फिल्टर घातला. साळा घमेल्याकडे पाहत उभा होता. मी इतकं लहान तोंड त्याचं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं मी हसेन, पण हसू आलं नाही.

घरी आल्यावर त्याने स्कूटरला किल्ली लावली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आता तेल नाई टाकाचं म्हनते मिस्त्री."

"नाईच टाकाचं."

"मंग मी काय पाहाले येऊ, भाऊजी?"

"मले पाहाले ये ना," मी म्हणालो. "मी का मेलो का?"

तो स्कूटर चालू करून निघून गेला. पण रविवारी आला. गाडीजवळून सरळ घरात आला आणि खुर्चीवर बसला. आता येतोच. आम्हा तिघांत बोलणारी तीच होती, त्यामुळे दोघंच बसलो की बराच वेळ पंख्याचाच आवाज. परवा असाच बसला असताना एकदम म्हणतो, "बाई लहानपनी मोहाच्या झाडावर चढून बसली होती, आईनं मारलं म्हनून. दिवसभर उतरली नाई. मी खालून रडलो तवा उतरली."

इतकी वर्षं संसार केला, हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे खुर्ची सरकवली. हिच्याबद्दलचं मला ठाऊक नसलेलं अजून काही या जगात शिल्लक आहे, आणि ते सगळं याच्याजवळ आहे.