कुंदाताईचा पडदा

निरोप आला तेव्हा मी मरोळला कारखान्यात होतो. ऑफिसात फोन होता. पलीकडे कुंदाताईच्या प्रयोगशाळेतली तिची सहकारी नलिनी, आणि तिला नीट बोलता येत नव्हतं. ताई काम करता करता कोसळली, मेंदूत रक्तस्राव झाला, इस्पितळात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझ्या या थोरल्या बहिणीला आयुष्यभर कधी दम धरवला नाही. चहा उभ्या उभ्या प्यायची, जेवता जेवता काहीतरी आठवून उठायची, आणि गेली तीही अशीच, पन्नाशी न गाठता... महिना उलटला तरी माझी चीड गेलेली नाही.

ती डोळ्यांची डॉक्टर, पण स्वतःचा दवाखाना तिने कधी थाटला नाही. डोळ्याच्या मागचा पडदा म्हातारपणी नेमका मधोमध का खराब होतो, याच एका प्रश्नाने तिला धरलं होतं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला दिसेनासं झालं की तो मोतीबिंदूच, आणि तो पिकेपर्यंत थांबायचं, ही ठरलेली समजूत. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतची माणसं अशी वर्षानुवर्षं थांबून तिच्यापाशी यायची. मग ती सांगायची, हा मोतीबिंदू नाही, पडदा आहे. हा पिकत नाही आणि काढताही येत नाही. लोक नाराज होऊन डोळ्यांत घालायचे थेंब देणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरकडे जायचे. आणि ही बाई त्यांच्याच घरी जाऊन म्हणायची, मेल्यावर डोळे आम्हाला द्या, आतून बघितल्याशिवाय कळायचं नाही. घाटकोपरला आमच्या चाळीतले सावंतकाका तिला बघून दोन्ही डोळ्यांवर हात ठेवत, "अजून जिवंत आहे गं मी." ती म्हणायची, "घाई नाही काका, मी थांबते." थांबणं तिला कधी जमलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मग आमच्या आईचंच मधलं दिसणं गेलं. मुलगी डोळ्यांची डॉक्टर, तरी आई मोतीबिंदू पिकायची वाट बघत गप्प बसलेली! तांदळातला खडा दिसेना. शेजाऱ्यांच्या रंगीत टीव्हीवर बातम्या देणारीच्या साडीचे काठ दिसत, तोंड दिसत नसे. ताईने तपासलं आणि बाहेर जिन्यात जाऊन बसली. मी भडकलो. जगाच्या डोळ्यांसाठी राबतेस, आईला काहीतरी दे ना. ती म्हणाली, "औषध नाही रे. असतं तर लपवून ठेवलं असतं का?" दुसऱ्या दिवसापासून ती आईला तिरकं बघायला शिकवू लागली. समोरच्याच्या तोंडाकडे नाही, त्याच्या कानापलीकडे बघायचं, मग कडेच्या नजरेत तोंड येतं. आई वैतागायची, लोक म्हणतले म्हातारी तोंड फिरवन बोलता. म्हणालेही. कुणी आलं की आई भिंतीकडे बघत बोलायची आणि माणसं रुसून जायची.

माणूस जिवंत असताना ताईने इतकी वर्षं सतत तपासलेला पडदा एकच होता, आईचा. तिच्या कामाला तोच सगळ्यात मोलाचा. पण अख्ख्या मुंबईकडे डोळे मागणारी ही बाई आईपुढे तो विषय काढायची नाही. आईलाही कळत होतं. दोघी त्याला बगल देत राहिल्या.

आणि ताई गेली त्या दिवशी इस्पितळात नलिनी बर्फाचा डबा घेऊन उभी होती. ताईनेच तिला सांगून ठेवलं होतं, निरोगी पडदा शेजारी ठेवल्याशिवाय बिघडलेला समजत नाही, मी गेले तर माझे डोळे घे. काही तासांतच काढायला हवे होते, उशीर झाला तर वाया. मामा अडून बसले, पोरीला आंधळी करून पाठवता का म्हणून. मला काही सुचेना. मी नुसता इकडून तिकडे फिरत होतो. शेवटी आई म्हणाली, "तिचे डोळे तिच्याच कामाक लागतले. पण आधी माका बघूंदे." ती खाटेशी बसली आणि तिने मान वळवली. मामी कुजबुजली, लेकीकडे बघवत नाही हो तिला. मी म्हणालो, बघतेय ती. खूप वेळ बघत होती.

त्यानंतर माझं कशातच लक्ष लागेना. कुठे असतील ते डोळे, काय केलं असेल त्यांचं... परवा कामावर दांडी मारून प्रयोगशाळेत गेलो. नलिनीने काही न विचारता सूक्ष्मदर्शकाखाली ताईच्या पडद्याचा पातळ काप लावलेली काच सरकवली. साडीच्या काठावर असावी तशी जांभळ्या ठिपक्यांची ओळ होती, सरळ, एकसारखी. मग तिने दुसऱ्या कुणाची तरी काच दाखवली, त्यात ओळीखाली गाळ साचल्यासारखे डाग होते. ताईची काच मी पुन्हा मागून घेतली. मला तिथे रडू आलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

घरी आल्यावर आईला कुठे गेलो होतो ते सांगितलं. तिने माझ्या कानापलीकडे नजर लावली. मग म्हणाली, "कशी आसा ती?"

"बरी आहे."

"खंय डाग नाय मा?"

"नाही आई. कुठेच नाही."

"मगे नलिनीक सांग," आई म्हणाली, "माझे डोळे तिच्या बाजूक ठेव म्हणान."