नववा चौकोन

आमच्या बनशंकरीच्या घरात वरच्या मजल्यावर आशय राहतो. राहतो म्हणजे काय, चालतो. खिडकीपासून बेसिनपर्यंत सोळा पावलं, बेसिनपासून खिडकीपर्यंत सोळा. पाच वर्षं मी खाली बसून मोजतेय. आमचे हे विचारतात, "विमला, भाडेकरू ठेवलायस की लंबक?" मला मात्र त्या पावलांवरून सगळं कळतं. हळू चालला तर आईचा फोन. थांबत थांबत चालला तर ऑफिसची मीटिंग. आणि वळताना टाच घासायला लागला, की समजायचं, डोक्यात काहीतरी अडकलंय.

पोरगा चंद्रपूरकडचा, चौतिशीचा. वडील खाणीत डंपर चालवायचे. हा खाणकामाचा इंजिनीअर झाला आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या काचेच्या इमारतीत येऊन बसला. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "तिथं कुठली रे खाण? मी इथंच जन्मले, मला कशी दिसली नाही?"

"खाण तिकडंच आहे, काकू. आम्ही इथून तिचे नकाशे करतो. माझ्याकडे रंगांचं काम आहे."

म्हणजे कोळशाचा थर जाड तिथं गडद हिरवा, पातळ तिथं पोपटी, दगड तिथं तपकिरी. आणि नकाशाच्या कोपऱ्यात छोटे चौकोन काढून कुठल्या रंगाचा काय अर्थ ते लिहायचं. शाळेत आपण त्याला सूची म्हणायचो, हा लेजंड म्हणतो. सॉफ्टवेअरमध्ये आयते लेजंड असतात, पण प्रत्येक खाणीला म्हणे आपला वेगळा हवा. सुनेला कशी आपली वेगळी मिसळणाची डबी लागते, तसं.

"म्हणजे चौकोन रंगवायचा पगार घेतोस."

"हो."

"इंजिनीअरिंग करून."

"हो, काकू."

रागावतच नाही. अशा माणसाला चिडवण्यात निम्मी मजा जाते, पण मी काही सोडत नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी तो डबा मागायला खाली आला. आईनं कुरियरनं कुरडया पाठवल्या होत्या. माझ्या फळीवर एकसारखे बावीस स्टीलचे डबे आहेत, सेलमध्ये घेतलेले. ओळखू यावेत म्हणून मी झाकणांवर टिकल्या लावल्यात. लाल टिकली तिखट, हिरवी मूग, पिवळी तूरडाळ, निळी साखर.

"तुमचाही लेजंड आहे की," तो म्हणाला.

"बिनपगारी. ज्यावर टिकली नाही तो रिकामा, तो घे."

त्यानं वरचा डबा ओढला आणि त्याचा हात खाली गेला. "काकू, हा भरलेला आहे."

"असं कसं? टिकली कुठाय त्याला?"

झाकण काढलं तर काठोकाठ थालीपिठाची भाजणी. मीच दोन महिने शोधत होते.

"टिकली पडली असेल," मी म्हटलं.

"पण तुम्ही तर रिकामा म्हणालात."

"टिकली नाही म्हणून म्हणाले. एकेक डबा उघडून बघत बसू का?"

तो डबा हातात धरून उभाच राहिला. मग भाजणी ओट्यावर ठेवली, कुरडया तिथंच विसरला आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेला. पाच मिनिटांत टाच घासायला लागली.

मी काय बसून राहते? कॉफीचा पेला घेऊन वर गेले. लॅपटॉपवर नकाशा उघडा होता आणि तो उभ्यानंच त्याच्याकडे बघत होता.

"हा कोपरा बघा," तो म्हणाला. "पांढरा."

"बरं. काही नसेल तिथं."

"तुम्हीही तेच म्हणालात." तो खुर्चीत बसला आणि लगेच उठला. लेजंडमध्ये नऊ चौकोन होते, नववा राखाडी, त्यापुढं लिहिलेलं 'माहिती नाही'. त्या कोपऱ्यात कुणी भोकं पाडून खाली काय आहे ते तपासलेलंच नव्हतं. त्याचा साहेब यशोवर्धन म्हणाला, ग्राहकाला असले राखाडी डाग आवडत नाहीत, कागदावर सूचीही मावत नाही, आठच ठेव. आशयनं नववा काढून टाकला. आणि ज्या भागाला रंग दिलेला नाही तो सॉफ्टवेअर रंगवतच नाही, कोरा कागद राहतो. कोळशाच्या हद्दीबाहेरची कडक जमीनही त्या नकाशावर पांढरीच होती. शुक्रवारी नकाशा खाणीवर गेला.

"मग?"

"त्या खाणीखाली कुठंकुठं आजोबांच्या काळातले जुने बोगदे आहेत. सगळे कुणाला ठाऊक नाहीत. आणि सोमवारी सकाळी सहाच्या पाळीला शंभर टनी डंपर त्या पांढऱ्यावरून न्यायचेत. तिथं काही नाही असं समजून."

मी पेला खाली ठेवला. "मग कळव ना त्यांना."

"यशोवर्धनला विचारल्याशिवाय ग्राहकाला काही पाठवायचं नाही, असा नियम आहे. आणि आपली चूक झाली असं तर कधीच लिहायचं नाही. तो कूर्गला गेलाय, फोन बंद." खाणीवरचे सर्व्हेप्रमुख उमाकांत साहेब कुठल्याशा लग्नाला गेलेले, त्यांचाही लागत नव्हता. कंट्रोल रूममधला माणूस म्हणाला होता, साहेबाले विचारून सांगतो. मेल लिहून तयार होती, पाठवलेली नव्हती.

संध्याकाळपर्यंत मी मोजणं सोडून दिलं.

रविवारी त्याला मल्लेश्वरमला मुलगी बघायला न्यायचं मीच ठरवलं होतं. तो म्हणाला, "काकू, आज नको." मी म्हटलं, "इथं माझं छत झिजवण्यापेक्षा तिथं बसून पोहे खा. फोन काय, तिथंही वाजेल." मेट्रोत सीट रिकामी असून बसला नाही. गाडी मार्केट स्टेशनच्या आधी जमिनीखाली शिरली, रेंज गेली, आणि हा फोन काचेला लावून उभा. मी म्हटलं, "स्वल्प थांब रे, आपण बोगद्यात आहोत." त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढची दोन स्टेशनं गप्प बसले. माझ्या आयुष्यातला विक्रमच.

मुलीचं नाव निधी, एका संस्थेच्या ग्रंथालयात काम करते. तिची आई सुलभाताई पोहे घेऊन आल्या. आशयचा गुडघा असा हलत होता की टीपॉयवरचे चमचे वाजत होते. सुलभाताईंनी विचारलं, "काम काय करता?" आणि त्याचा फोन वाजला. उमाकांत साहेब.

तो बाल्कनीकडे धावला, पण दार अडकलेलं. मग तिथंच उभं राहून बोलला. मागे लग्नाचा बँड वाजत असणार, कारण साहेब ओरडत होते आणि आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"अरे बाबू, सतरा मिस कॉल? काय झालं?"

"साहेब, नैऋत्येचा तो पांढरा कोपरा..."

"हो ना. तिथं काहीच नाही म्हणून तर रस्ता तिकडून नेला."

"तिथं काही नाही असं नाही, साहेब. तिथं काय आहे ते आपल्याला माहीत नाही."

साहेब अजूनच जोरात ओरडले.

"मग पांढरा काऊन ठेवला?"

"त्याला चौकोन होता. मी काढला."

"तू काढला, का कोणी काढायले लावला?"

आशयनं समोर बघितलं. समोर निधी, तिची आई आणि मी. यशोवर्धनचं नाव माझ्याच जिभेवर आलं होतं.

"मी काढला," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

"लेखी दे. आत्ता दे. तोंडी सांगण्यावर डंपर थांबत नाही."

त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला. निधीनं काही न विचारता पोह्यांची ताटली उचलली आणि वायफायचा पासवर्ड सांगितला. मेल उघडून तो दोन मिनिटं नुसता बसला. गुडघा तेवढा थांबला होता. मग पाठवली. मी दुसऱ्याच कुणाच्या ताटलीतले पोहे संपवले.

सोमवारी पहाटे पाचपासून टाच. अकराला कळलं, रस्ता थांबवलाय, भोकं पाडून बघणार आहेत. मंगळवारी आठ भोकं पाडून झाली. आठही जागी खाली घट्ट दगड. बोगदा नाही, पोकळी नाही, काही नाही.

कूर्गहून परतलेला यशोवर्धन म्हणाला म्हणे, दोन दिवस काम बंद पाडून तू दगड शोधलास. टीम लीड करायच्या लोकांच्या यादीतून याचं नाव गेलं. जिन्यात भेटला तेव्हा मी म्हटलं, "चला, डंपरवाले सुखरूप, ते महत्त्वाचं. आता तरी बस शांत."

"बसलो असतो, काकू. पण उमाकांत साहेबांनी आज जुने सतरा नकाशे पाठवलेत. आमच्याच ऑफिसनं केलेले, आठ चौकोनांचे. म्हणतात, यातलं कुठलं पांढरं खरं ते सांग."

"आणि तुला माहीत आहे?"

"तेच तर." त्याचा एक पाय पुढच्या पायरीवर गेला होता.

मी विषय बदलला. "निधीकडून अजून निरोप नाही हं. लगेच नकार समजून बसू नकोस."

"नाही समजत," तो वर जाता जाता म्हणाला. "तिथं राखाडी भरलंय."

पाच वर्षांत पोरगा पहिल्यांदा मला उलटून काही बोलला. मी कौतुक करायला तोंड उघडलं, तोवर दार लागलं आणि वर सुरू झालं. एक, दोन, तीन. या वेळी सोळावर वळला नाही, मधेच कुठंतरी थांबला. मी मान वर करून वाट बघत राहिले.