फिटचा शिक्का

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळे लिहिण्याचा अधिकार मला आहे का ठाऊक नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. आज प्रॅक्टिकलला रक्ताच्या स्लाइडवर रंग ओतला आणि त्या स्पिरिटसारख्या वासाने मला भोसरीतल्या एका छोट्या लॅबमध्ये नेलं.

तेव्हा ताईला चौथा महिना होता. लोहाच्या गोळ्या घेऊनही तिचं हिमोग्लोबिन वाढत नव्हतं. आदल्या खेपेला लॅबच्या मॅडमनी सूक्ष्मदर्शकात तीच स्लाइड पुन्हा पुन्हा सरकवून बघितली होती. ते बघून मला भीती वाटली होती. आज कळतं, त्या फक्त लहान, फिकट पेशी नीट न्याहाळत होत्या. आता पुढच्या तपासणीचा रिपोर्ट त्यांच्या हातात होता.

"हिला थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे रक्तातला आनुवंशिक दोष. हिला धोका नाही. पण नवऱ्यातही हाच दोष असेल, तर बाळाला जन्मभर रक्त चढवावं लागू शकतं."

दाजी चाकणहून शिफ्ट संपवून तसेच आले होते. "माझं कंपनीचं मेडिकल झालंय, मॅडम. फिटचा शिक्काय."

"कंपनीला तुमचे हातपाय चालतात का तेवढंच बघायचं असतं, दादा. बाही वर घ्या."

पुढचे चार दिवस आई बीट किसून पुढे ठेवायची आणि ताई ताटाकडे न बघता पोटावर हात ठेवून बसायची.

पाचव्या दिवशी दाजींचा फोन आला.

"भावा, माझ्यात तो दोष नाही. तुझ्या ताईला सांग, मॅडमनीपण फिटचा शिक्का दिला."