वहिनीचा रविवार

पुतण्याची कानटोपी घ्यायचं काम माझं होतं; मी ती सोफ्यावरच विसरलो. आठवडाभर शिलाई मशीनवर वाकणाऱ्या वहिनीला रविवारची बाग तेवढी मिळते. तिथल्या गारठ्यात दीड वर्षाचं पोर शिंकलं आणि बाकावरच्या एक अनोळखी आजी तिच्यावर घसरल्या, "कसली गं आई तू?"

दादा शेंगा सोलत राहिला, जणू पोर शेजाऱ्यांचं!

वहिनी भडकली. "टोपी विसरले हे भावजी. बाप इथे शेंगा सोलतोय. आणि बोलणी मी खायची?"

तिने स्वतःचा स्कार्फ पोराच्या डोक्याला गुंडाळला, त्याला दादाच्या कडेवर कोंबलं. "सांभाळा आता. मी एकटी फिरून येते."

पोराने भोकाड पसरलं, तरी ती वळली नाही. तासाभराने परतली तेव्हा मी माफी मागणार होतो. ती अजून मागायची आहे.