बॅटरी बदलून आलेला फोन

आमच्या घरात फोन वरून खाली येतात. नवा फोन पप्पांचा. पप्पांनी आणखी नवा घेतला की त्यांचा दादाकडे जातो आणि दादाचा माझ्याकडे. मम्मी या रांगेत नाही. तिच्याकडे बटणांचा फोन आहे आणि त्याची बॅटरी आठवडाभर टिकते. माझ्यापर्यंत येईपर्यंत फोनची काच तडकलेली असते, चार्जिंगची पिन सैल झालेली असते आणि बॅटरी दुपारच्या जेवणाआधीच मान टाकते. तरीही पाहुण्यांसमोर पप्पा सांगतात, "आमच्यात भेदभाव न्हाई. पोरीलाबी फोन दिलाय."

मी लहान होते तेव्हा बॅटरी बदलणं ही घरातली करमणूक होती. पप्पा गावच्या राजकारणात. निवडणूक आली की शर्टाच्या खिशात चार्ज केलेल्या जादा बॅटऱ्या घेऊन निघायचे. जीपमध्ये बसल्या बसल्या नखानं झाकण उचकटायचं, एक बॅटरी काढून दुसरी घालायची आणि बोलणं पुढे चालू. बैठकीत भिंतीला सुटी बॅटरी चिमटीत धरून चार्ज करणारा पकडीचा चार्जर कायम लटकलेला असायचा. कुणाच्या बॅटरीवर शंका आली की कार्यकर्ते ती फरशीवर ठेवून बोटानं फिरवायचे. चांगली बॅटरी सपाट असते, ती घासत थांबते. फुगलेली भोवऱ्यासारखी गरगरते. "गेली बे तुझी," असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे. मी दाराआडून बघायचे. तेव्हाच्या फोनमध्ये लपवण्यासारखं काही मावतच नव्हतं, त्यामुळे कुणाचाही फोन कुणीही उघडायचं.

आता फोन चिकटवून बंद केलेले येतात. बॅटरी गेली की फोन दुकानात द्यावा लागतो, आणि आमच्याकडे मुलीचा फोन मुलीनं दुकानात न्यायचा नसतो. दुकानदार आतले फोटो काढून घेतो, असं सगळ्या बायका सांगतात. कुणाचे घेतले ते कुणालाच माहीत नाही. म्हणून फोन घरातला पुरुष नेतो, दुकानात बसून राहतो आणि स्वतःच्या हातानं परत आणतो. याला काळजी म्हणतात.

माझं बी.एस्सी. संपलं त्या उन्हाळ्यात मी पुण्याच्या एका कॉलेजात एम.एस्सी.साठी फॉर्म भरला होता. वसतिगृहासाठीसुद्धा. फॉर्म मैत्रिणीच्या लॅपटॉपवर भरला, नंबर मात्र माझा दिला. मम्मीला सांगितलं होतं. पप्पांना विचारलं तेव्हा ते "बघू" म्हणाले होते. त्यांच्याकडे काम घेऊन येणाऱ्या माणसांना ते हाच शब्द देतात, आणि त्यातली कितीतरी माणसं मी वर्षानुवर्षं त्याच खुर्च्यांवर बसलेली पाहिली आहेत. माझं गणित साधं होतं. आधी जागा मिळू दे, मग जागा मिळाली असं सांगता येईल. मिळालेली गोष्ट सोडायला पप्पांना जड जातं.

जागा मिळाली की फोनवर मेसेजनं आणि मेलनं निरोप येणार होता आणि ठरलेल्या मुदतीत होकार कळवायचा होता. नाही कळवला तर जागा पुढच्या मुलीला.

फोन फुगला तो नेमका त्याच दिवसांत. आधी स्क्रीनच्या कडेला फट दिसायला लागली, अंधारात त्या फटीतून उजेड बाहेर यायचा. मी केसांचं रबर त्याच्याभोवती गुंडाळलं. एका सकाळी तो बंद पडला. चार्जिंगला लावला की कंपनीचं चिन्ह यायचं, थरथरायचं आणि जायचं. मम्मीनं तो माझ्या हातातून घेतला, ओट्यावर पालथा ठेवला आणि त्याच्यावर वरवंटा ठेवायला निघाली.

"दाबलं की बसंल," ती म्हणाली.

"मम्मी, पेटेल तो."

तिनं वरवंटा बाजूला ठेवला आणि हात पदराला पुसले. "मग दादाला दे."

दादा सोफ्यावर पडून त्याच्या फोनवर बोट फिरवत होता. त्यानं माझा फोन हातात घेऊन वाजवून पाहिला, कलिंगड वाजवतात तसा.

"रात्रभर चार्जिंगला लावतीस. मग फुगणारच."

"मी सिम काढून घेते," मी म्हणाले. ते मम्मीच्या फोनमध्ये घालायचा माझा विचार होता.

"राहू दे. रेंज चेक करायला लागती दुकानदाराला. आन् लॉक काय हाय?"

"लॉक कशाला?"

"चालू करून बघायला नको? टच चालतो का, आवाज येतो का. का, लई महत्त्वाचं हाय का काय आत?"

मम्मी भाकरी थापता थापता थांबली. मी लॉक सांगितलं.

फोन चालू असता तर मी आधी सगळं पुसलं असतं. पण बंद फोनमधलं काहीच पुसता येत नाही. तो जसा आहे तसा, भरलेला, दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो, आणि नवी बॅटरी बसली की तो ज्याच्या हातात असेल त्याच्यासमोर उघडतो. तरी मला एका गोष्टीचा आधार वाटत होता. दादा गावातल्या शाळेत शिकला, कारण त्याला पुढे गावातच राहायचं होतं. मला रोज बसनं इंग्लिश मीडियमला पाठवलं, कारण पप्पांना सभेत ते सांगायचं होतं. मी आणि माझी मैत्रीण एकमेकींना फक्त इंग्रजीतच लिहायचो. कॉलेजचा निरोपही इंग्रजीतच येणार होता. घरात मला कडी लावता येईल अशी खोली नव्हती. इंग्रजी होती.

फोन दुकानात राहिला. "बॅटरी मागवलीय," दादा पहिल्या दिवशी म्हणाला. मग, "परळीत न्हाई, बाहेरून यायचीय." मग, "जुनं मॉडेल हाय, मिळंना." मी रोज विचारत नव्हते. रोज विचारलं तर काहीतरी आहे हे कळलं असतं. एक दिवस सोडून विचारायचे, तेही वाढताना, सहज. त्याचा किंवा पप्पांचा फोन मागून मेल बघता आला असता, पण त्यासाठी लागणारा कोड माझ्याच सिमवर जाणार होता, आणि माझं सिम फोनबरोबरच गेलं होतं. मैत्रिणीचा नंबरही त्याच फोनमध्ये होता.

आठवड्यानंतर एका दुपारी त्यानं फोन माझ्यासमोर ठेवला. फट मिटली होती. मागच्या बाजूला डिंकाचा पिवळट डाग होता. जुनी बॅटरी एका पिशवीत घालून त्यानं बरोबर आणली होती, कारण आमच्या घरात काहीच टाकत नाहीत.

"आता दिवसभर जातीय का न्हाई बघ," तो म्हणाला.

मी मागच्या दारी जाऊन कॉलेजचा निरोप शोधला. तो आला होता. फोन दिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आला होता. न वाचलेले निरोप माझ्या फोनवर ठळक अक्षरात दिसतात. हा बारीक अक्षरात होता. जागा मिळाली होती, वसतिगृहही मिळालं होतं, आणि मुदत आदल्या संध्याकाळी संपली होती. मी तिथूनच कॉलेजला फोन लावला. पलीकडच्या बाई सभ्य होत्या. "जागा पुढे गेली, मॅडम," त्या म्हणाल्या. मी त्यांना थँक यू म्हणाले.

दादाला विचारलं, "माझे मेसेज कुणी उघडले होते का?"

"दुकानदारानं उघडले असतील चेक करताना. मला काय कळतंय तुझ्या इंग्रजीतलं."

मी तेवढ्यावर थांबले. खरंही असेल, असं स्वतःला सांगत राहिले. मग दोन-तीन दिवसांनी रात्री जेवताना पप्पांकडे माणसं आली, बैठक भरली, आणि मम्मीनं मला चहा टाकायला सांगितलं. मी ताटावरून उठले तेव्हा दादा भाकरी मोडत हसून म्हणाला,

"जा जा. प्रतीक्षालयात चहा लागतोय."

बैठकीत जायला उठलेले पप्पा हसले नाहीत, पण त्यांनी विचारलंही नाही, हे काय बोलतोस म्हणून. मी चहा टाकला. साखर घातली की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातली. आमच्या घरात प्रतीक्षालय हा शब्द कुणी बोलत नाही. बस स्टँडवरसुद्धा कुणी बोलत नाही. मैत्रिणीला मी एकदा इंग्रजीत लिहिलं होतं की हे घर म्हणजे वेटिंग रूम आहे, सगळ्यांची कामं होऊन ते निघून जातात आणि मी बसलेली असते. ते वाक्य कुणीतरी फोनकडून मराठी करून घेतलं होतं. वाक्यावर बोट दाबून धरलं की फोनच भाषांतर करून देतो. माझी कडी बाहेरूनही उघडत होती आणि इतक्या वर्षांच्या इंग्लिश मीडियमनंतर हे मला सुचलं नव्हतं.

सिरसाळ्याच्या बाजारात मम्मीबरोबर गेले तेव्हा दादानं फोन नेला होता त्या दुकानासमोर मी थांबले. मम्मी म्हणाली, "काय काम हाय तिथं?" मी आत शिरले. आधी फोनच काउंटरच्या काचेवर ठेवला.

"काय झालं ताई, बॅटरी टिकंना का?" दुकानदारानं विचारलं.

"टिकते. बॅटरी बदलायला लॉक लागतं का?"

"न्हाई. लॉक कशाला? बंद फोनवरच बदलतो. चालू होऊन चार्जिंग दाखवलं की झालं."

"आणि दिवस किती लागतात?"

"दिवस कसले? चहा येईस्तोवर होतंय. तुमचे दादा हितंच बसले होते की. त्याच दिवशी घेऊन गेले." मग त्याला माझा चेहरा दिसला असावा. तो समोरच्या कव्हरच्या पाकिटांची चळत सारखी करायला लागला.

मम्मीच्या हातात मेथीची जुडी होती. ती म्हणाली, "चल, टमटम भरंल."

टमटममध्ये आम्ही मागच्या बाजूला बसलो. ती हळूच म्हणाली, "फोन दादाच्या कपाटात होता. मी बघितलता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून? बोंबाबोंब झाली असती. फोनच काढून घेतला असता तुझा. आता कशाला उकरतीस, गेलं ते गेलं."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबानं तिनं माझा फोन वाचवला होता.

घरी मी काही बोलले नाही. बोलले असते तर आधी मैत्रिणीला काय काय लिहिलं होतं ते निघालं असतं. जागेचा विषय त्यानंतर कधीतरी आला असता, किंवा आलाही नसता. पुण्याचं नाव पप्पांनी पुन्हा काढलं नाही. एकदा पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "पुढं शिकायचं म्हणत होती, पण नंबर लागला न्हाई." पाहुण्यांनी माझ्याकडे बघून "असू दे" म्हटलं. दादा तिथंच होता. तो पंख्याकडे बघत होता.

दिवाळीत पप्पांनी नवा फोन घेतला आणि रांग पुढे सरकली. दादानं स्वतःचा फोन मला आणून दिला. मी तो चालू केला तर त्यानं मला भाषा विचारली, नव्या फोनसारखी. आत काहीच नव्हतं. एक नंबर नाही, एक फोटो नाही, कुणाशी काय बोलला त्याची खूण नाही.

"सगळं पुसून दिलंय," दादा म्हणाला. "फोन असा द्यायचा असतो."

त्याची बॅटरी आता दुपारपर्यंतही टिकत नाही. परवा तो माझ्या हातात मधेच बंद पडला तेव्हा पप्पा म्हणाले, "दे की दादाकडं, उद्या सिरसाळ्याला चाललाय. बदलून आणंल."

"नको," मी म्हणाले. "चालतोय."

फोन मी खिडकीजवळच्या बोर्डाला लावून ठेवते. तिथं खुर्ची मावत नाही आणि वायर आखूड आहे, म्हणून उभी राहूनच वापरते. पुढच्या वर्षीचे फॉर्म सुटले आहेत. भरताना लाइट गेली की फोनही जातो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. बैठकीत माणसं आली की मम्मी आतून हाक मारते. मी फोन बंद करते, पिन काढते आणि चहा टाकायला जाते.