तिनं काय सुधारायचं?

देवपूरच्या एका शाळेत शिक्षिकेच्या मुलाखतीला आम्ही दोघी मैत्रिणी गेलो. मी एरंडोलकडची, ती सातपुड्यातल्या पाड्यावरची, भिल्ल. आम्हाला एकदमच आत बोलावलं. "बाकीचे आले का?" संस्थेच्या सरांनी विचारलं आणि माझ्या तोंडून घरची अहिराणी निघून गेली, "हो सर, बठ्ठा बाहेरच शेतस." सगळे बाहेरच आहेत, एवढंच सांगायचं होतं.

सर हसले. "वर्गात असं बोलणार? आधी भाषा सुधारा." माझे कान तापले. आईशी बोलते ती भाषा काय बिघडलेली आहे?

मैत्रिणीचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. तिनं गाव सांगितलं मात्र, सर म्हणाले, "तुमचे लोक टिकत नाहीत. होळी आली की निघाले पाड्यावर."

"माझ्या बोलण्यात काही चुकलं का, सर?" तिनं विचारलं.

"छे, छान बोलता. आदिवासी वाटतच नाही."

हे ते कौतुक म्हणून बोलले!

आठवड्यानं मला फोन आला, भाषेवर मेहनत घ्या आणि रुजू व्हा. तिला आला नाही. अपमान माझाही झाला होता, पण मला सुटायची वाट ठेवली होती. तिनं काय बदलायचं होतं, जन्म? मी फोनवरच नकार दिला.

मैत्रीण उलट माझ्यावरच भडकली. "तू नाही म्हणालीस, त्यानं त्यांचं काय बिघडलं? दुसरी कुणी मिळेल त्यांना."

तिचं खरं होतं. त्याचाच संताप आजही जास्त येतो.