ड्रम पाण्यात बसेपर्यंत

नवऱ्याच्या अंगाला हात लावण्याआधी मी भिंतीवरची कळ खाली केली. सुरुवात या वाक्याने करायची नव्हती. पण ती सकाळ आठवू लागले की हेच वाक्य आधी येते आणि बाकीचे सारे त्याच्या मागे रांगेत उभे राहते.

रविवार होता. शनिवारी कॉलेज सुटले की आम्ही दोघे शहरातून कन्नडच्या रस्त्याला असलेल्या शेतावर जात असू. मी मराठी शिकवते. तो तंत्रनिकेतनात इंजिने शिकवायचा. शेतावर सासूबाई आणि थोरले दीर-जाऊ राहतात. विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने गेली काही वर्षे एक लहानसे पंपाचे इंजिन हायड्रोजनवर चालवले होते. मांडणी साधी होती. छपरावरच्या सौरपाट्यांची वीज एका टाकीतले पाणी फोडायची. त्यातला प्राणवायू बाहेर सोडलेला असे आणि हायड्रोजन सिमेंटच्या हौदात पालथ्या घातलेल्या लोखंडी ड्रमखाली जमा होई. गोबरगॅसची टाकी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वायू भरत जाई तसा ड्रम पाण्यातून वर येई. सकाळ सरता सरता तो असा काही उंच उभा राही, की सासूबाई म्हणायच्या, "फुगला बघ तुझा रेडा."

बाटल्यांत दाबून भरायला त्याचा ठाम नकार होता. "दाबलेला हायड्रोजन घरात ठेवायचा नाही," एवढेच तो म्हणे. इंजिनाकडे जाणारी नळी वाटेत पाण्याच्या एका बुधल्यातून जायची, म्हणजे इंजिनातली ज्वाळा उलटी फिरली तरी पाण्यापाशी थांबेल. शेडच्या माथ्यावर वीतभर फट मुद्दाम ठेवलेली होती, कारण हा वायू हलका. सुटला की छपराखाली जाऊन बसतो. आत दिव्याचे बटणसुद्धा नव्हते. टाकीची वीज तोडणारी कळ होती ती बाहेरच्या भिंतीवर.

या सगळ्याचे नियम दारावरच्या पुठ्ठ्यावर माझ्या अक्षरात लिहिलेले होते. तो सांगत होता, मी लिहीत होते. "या वायूला रंग नाही, गंध नाही, तो मौनासारखा येतो," असे मी लिहिले, तेव्हा त्याने पेन्सिलीने शेवटचे तीन शब्द खोडले. "कविता नको. दादाला घाईत वाचता आलं पाहिजे. आधी क्रियापद." मग पहिला नियम झाला: कळ बंद करा, मग दुसरे काहीही.

"काहीही म्हणजे?" मी विचारले होते.

"काहीही म्हणजे काहीही. कुणी पडलं, कुणी ओरडलं, तरी. ड्रम भरला की वायू काठाखालून शेडमध्ये यायला लागतो. तो तुमच्या रडण्यासाठी थांबत नाही."

हायड्रोजनची ज्योत उन्हात दिसत नाही. तिच्याकडे पाहत राहिले तरी हवा थोडी थरथरते, इतकेच. म्हणून या वायूवर शेगडी लावून पाहायची असेल तेव्हा तो केरसुणी हातभर पुढे धरून चालायचा. केरसुणीने पेट घेतला की ज्योत कुठे आहे ते कळे. शहरात गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या नव्या केरसुणीची टोके पहिल्याच दिवशी जळाली. सासूबाईंनी ओसरीवरून पाहिले आणि त्यांचा आवाज विहिरीपर्यंत गेला.

"लक्ष्मीला जाळतोस व्हय रे, मुडद्या?"

"आई, लक्ष्मी जळते म्हणून तर मी वाचतो."

"लई शहाना! माझ्या घरात आजवर कुणी केरसुनीला पाय लावला नाय, अन् हे बेनं तिला आग लावतंय."

तो हसत राहिला. जळक्या केरसुणीचा वास माझ्या साडीला दिवसभर होता.

त्या रविवारी मी चहा घेऊन गेले. तो इंजिनाशेजारच्या स्टुलावर बसला होता, पाठ खांबाला टेकलेली, हनुवटी छातीवर. दोन पावले आत गेले आणि मला कळले. कसे, ते सांगता येणार नाही. शेडमध्ये पाण्याची बारीक बुडबुड चालू होती. ड्रम पूर्ण वर आला होता. मी कप जमिनीवर ठेवला, बाहेर गेले, कळ खाली केली आणि मग परत आत जाऊन त्याच्या मनगटाला हात लावला. थोरल्या जाऊबाईंनी गोठ्यातून हे सगळे पाहिले. मी धावत बाहेर आले आणि माणसाला सोडून भिंतीशी उभी राहिले, एवढे त्यांना दिसले.

डॉक्टर म्हणाले, हृदय. गावातल्या एकदोघी म्हणाल्या, गॅसनेच खाल्ले. त्याला उचलून ओसरीवर आणताना पुरुषांपैकी कुणीतरी तोल सांभाळायला ड्रमला धरले. ड्रम एका बाजूला कलला, पाण्याने मोठा गचका दिला आणि तो पुन्हा सरळ झाला. मी तो आवाज ऐकला आणि मनाच्या एका कोपऱ्यात नोंदवून ठेवला. दुसरे काही नोंदवता येत नव्हते.

तिसऱ्या प्रहरी पुरुष त्याला ओढ्याकडे घेऊन गेले. घरात आम्ही बायका उरलो. जाऊबाईंनी ताटात गव्हाचे पीठ पसरले, वात वळली, पणतीत तेल घातले आणि ताट उचलून त्या शेडकडे निघाल्या. जीव जिथे गेला तिथे दिवा लावायचा, दहा दिवस तो विझू द्यायचा नाही, अशी रीत आहे. मी त्यांच्या पुढे जाऊन दारात उभी राहिले.

"इथे नको. आत गॅस आहे. ओसरीवर लावू."

"ओसरीवर कोन गेलं गं?" जाऊबाई म्हणाल्या. "डोळ्यात पान्याचा टिपूस नाय, अन् आता दिव्यालाबी नाय म्हनती. सकाळी नवऱ्याआधी बटन आठवलं हिला!"

बोलण्यासारखे जे होते ते माझ्या पाठीमागे पुठ्ठ्यावर लिहिलेले होते.

सासूबाई काठी टेकत आल्या. पुठ्ठ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्यांना वाचता येत नाही. "धाकले," त्या म्हणाल्या, "पोरगं अंधारात बसंल. वाट कशी घावंल त्याला? गॅस काढता येतो का तुला?"

"येतो."

"मग काढ. दिवेलागनीच्या आत काढ. मी बसते इथं."

त्या विहिरीच्या कठड्यावर बसल्या. जाऊबाई ताट मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी.

काढण्याचे दोन मार्ग होते. इंजिन चालवून वायू संपवायचा, नाहीतर नळीने छपरावरून आकाशात सोडून द्यायचा. मला इंजिन चालवायचे होते. सकाळचे ऊन त्याने त्या ड्रमखाली साठवले होते. त्याचे शेवटचे काम पाटात पाणी होऊन पडावे, असे मला वाटले. त्या दिवसात मला वाटलेली ही एकच गोष्ट.

पण इंजिनाआधी चौथा नियम होता. बोटभर काचेच्या नळीत वायू घ्या, दूर उघड्यावर न्या, काडी लावा. हळूच फुप् झाले तर वायू शुद्ध. भुंकला तर हवा मिसळली. इंजिनाला देऊ नका.

नळी पालथी धरून मी निंबाखाली गेले. काडी ओढली. गंधकाचा तिखट वास नाकात गेला. वायू भुंकला. लहान, कोरडा, एकदाच. कुंपणावरच्या चिमण्या उडाल्या.

मी दुसऱ्यांदा नळी भरली. पुन्हा तेच.

"चालू कर की," जाऊबाई लांबून म्हणाल्या. "भावजी रोज चालू करायचे."

"आज नाही चालत. ड्रम कलला तेव्हा हवा शिरली."

मी नळी धुतली, दांडीला अडकवली आणि आकाशाकडच्या वाटेची तोटी उघडली. काहीच दिसले नाही. काही ऐकूही आले नाही. नुसता ड्रम, आपल्याच वजनाने, इतका हळू खाली येऊ लागला की त्याचे उतरणे फक्त त्याच्या अंगावरच्या ओल्या रेघेवरून कळत होते. मी ती रेघ बघत उभी राहिले. तळव्यांना माती ऊन लागत होती. ओढ्याकडून धूर येत होता. तो दिसत होता. दोन्ही एकाच आकाशात चालले आहेत, असे माझ्या मनात आले. असे वाक्य आले की एरवी मी ते कुठेतरी टिपून ठेवते. त्या दिवशी ते तसेच जाऊ दिले.

बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, "बटन आधी दाबायचं त्यानंच सांगितलं व्हतं का?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे, "मुडद्या म्हनायचे मी त्याला," आणि पदराने तोंड झाकले. जाऊबाईंनी ताट सांभाळत त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी जागेवरून हलले नाही, कारण ड्रम अजून चार बोटे वर होता.

तो पाण्यात बसला, त्याच्या माथ्यावर पाणी चढले, तेव्हा सावल्या विहिरीपलीकडे गेल्या होत्या. शेडची दोन्ही दारे सताड उघडून मी आणखी अर्धा तास थांबायला लावले. कुणी कुरकुरले नाही. मग जाऊबाईंकडून ताट घेतले, पण ते त्यांनी पूर्ण सोडले नाही. आम्ही दोघींनी मिळून ते स्टुलाजवळ ठेवले. माझा सकाळचा कप तिथेच होता. चहावर साय धरली होती.

काडी मात्र मला ओढता येईना. त्या दारात काडी ओढायची नाही, हे हाताला इतके पाठ झाले होते. शेवटी सासूबाईंनी ओढली. ज्योत पिवळी होती. सगळ्यांना दिसली. वर टोपली झाकली, हवेपुरती एक बाजू विटेवर टेकवून.

सकाळी पिठात खूण उमटते म्हणतात, गेलेला कोणत्या जन्माला गेला त्याची. जाऊबाईंना चिमणीचे पाऊल दिसले. सासूबाईंनी वाकून बघितले आणि पणतीत तेल घातले. मला काजळीचे दोन कण दिसले. दिव्याखाली नवे पीठ घालायचे होते, म्हणून खुंटीवरची टोके जळलेली केरसुणी घेऊन मी जुने भरून घेतले. पीठ गार होते. एवढे आठवते.